तिखट मध-व्हिनेगर (फायर सायडर) घरच्या घरी, पुण्यात मिळणाऱ्या जिनसांतून

गुलबक्षी | ७ डिसेंबर, २१:४०

हिवाळी खाण्याच्या धाग्यावर फायर सायडरचं नाव निघालं आणि बऱ्याच जणांनी कृती मागितली. तिथल्या प्रतिसादांच्या गर्दीत ती हरवून जाईल, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे.

ज्यांनी नाव पहिल्यांदाच ऐकलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. आलं, लसूण, कांदा, हळद, मिरची आणि हॉर्सरॅडिश (मुळ्यासारखं झणझणीत परदेशी मूळ) असा सगळा तिखट ऐवज सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये तीन-चार आठवडे मुरवायचा, गाळायचा आणि मग त्यात मध घालायचा. थंडीच्या दिवसांत चमचा-दोन चमचे कोमट पाण्यातून घ्यायचा. आज जे रूप सगळीकडे दिसतं ते अमेरिकेतल्या वनौषधीतज्ज्ञ रोझमेरी ग्लॅडस्टार यांनी १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या आपल्या शाळेत रुजवलं. मध आणि व्हिनेगर एकत्र करण्याची रीत त्याहून फार जुनी. ग्रीक वैद्यकात ती होती, युनानीत सिकंजबीन अजूनही आहे.

माझं सांगणं असं की यासाठी परदेशी जिनसांच्या मागे धावू नका. डिसेंबर-जानेवारीत आपल्या मंडईत जे येतं त्यात हे उत्तम होतं. ओली हळद याच दिवसांत येते, सातारकडचं आलं रसरशीत असतं, आणि मुरवणं म्हणजे काय हे लोणची घालणाऱ्या घराला शिकवावं लागत नाही. अडतं फक्त हॉर्सरॅडिशपाशी. त्याचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे: फेसलेली मोहरी.

हॉर्सरॅडिश आणि मोहरी एकाच कुळातल्या. हॉर्सरॅडिश किसल्यावर जो झणका नाकात जातो, तोच मोहरी फेसल्यावर चढतो. दोन्हींत तो झणका आधीपासून तयार नसतो. दाणा फुटला, पाणी लागलं की आतला एक विकर (एन्झाइम) कामाला लागतो आणि मग तो तयार होतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. दोन मोठे चमचे लाल किंवा काळी मोहरी (पिवळी नको, तिचा तिखटपणा जिभेवर राहतो, नाकापर्यंत जात नाही) खलबत्त्यात भरड कुटा. दोन-तीन चमचे थंड पाणी घालून चांगली फेसा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. झाकण काढल्यावर डोळ्यांत पाणी यायला हवं. आलं की मगच व्हिनेगर. व्हिनेगर आधी घातलंत तर मोहरी चढतच नाही, आणि चढल्यावर घातलंत तर झणका टिकून राहतो. गरम पाणी घातलंत तर सगळंच संपलं.

आता बाकीचं. एक लिटरच्या काचेच्या बरणीला १०० ग्रॅम आलं, ५० ग्रॅम ओली हळद, एक मध्यम कांदा, लसणाचा एक मोठा गड्डा, तीन-चार लवंगी मिरच्या, बोटभर पांढरा मुळा, चमचाभर मिरे, दालचिनीचा तुकडा आणि एका लिंबाची किसलेली साल. मी मूठभर तुळस आणि गवती चहाची दोन पातीही घालते. आलं-हळद पाण्यात भिजवून ब्रशनं घासून घ्या, खाचांतली माती निघाली पाहिजे. साल काढायची गरज नाही. धुतल्यावर सगळं कापडावर पसरून कोरडं होऊ द्या, तुळशीची पानं तर अगदी खुळखुळीत. मग आलं, हळद, मुळा किसायचं, लसूण ठेचायचा, कांदा-मिरची बारीक चिरायची. हळद किसताना हातमोजे घाला आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरा, नाहीतर दोन दिवस ओटा पिवळा राहतो.

बरणी या चोथ्यानं निम्मीच भरायची, तीही दाबून नाही. वर फेसलेली मोहरी आणि मग सगळं बुडून दोन बोटं वर राहील इतकं व्हिनेगर, साधारण ६०० मिली. झाकण पत्र्याचं असेल तर मध्ये बटर पेपर घाला, नाहीतर व्हिनेगरच्या वाफेनं ते आठवड्याभरात गंजतं. अंधाऱ्या कपाटात तीन ते चार आठवडे. रोज एकदा हलवायचं, आणि वर तरंगणारे तुकडे पुन्हा बुडलेत ना ते बघायचं.

शेवटी मलमलच्या फडक्यातून घट्ट पिळून गाळा. पाऊण कप ते एक कप मध, तापवायचा नाही, नुसता ढवळून मिसळायचा. तयार झालं की बाटलीवर तारीख लिहा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

विचारा काय विचारायचं ते.

चिंचगूळ | ७ डिसेंबर, २२:१५

मोहरी फेसण्याचं कारण पहिल्यांदाच कळलं. आमच्याकडे आई कैरीच्या लोणच्यात मोहरी फेसून घालायची आणि "चढली का बघ" म्हणून वाटी नाकाशी धरायची.

दोन शंका. सफरचंदाचंच व्हिनेगर हवं का? आमच्या वाण्याकडे पांढरं व्हिनेगर पंचवीस-तीस रुपयांत मिळतं, सफरचंदाचं दहापट महाग. आणि लिंबाचा रस चालेल का? लिंबं सध्या स्वस्त आहेत.

कातळ | ७ डिसेंबर, २३:०२

चिंचगूळ, या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं, कारण यात टिकण्याचा भाग आहे.

बाजारातलं स्वस्त पांढरं व्हिनेगर बहुतेक वेळा सिंथेटिक असतं, म्हणजे अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड पाण्यात घालून केलेलं. तसं लेबलवर लिहिणं आपल्याकडे बंधनकारक आहे, तेव्हा बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचा. त्यानं पदार्थ टिकेल, पण चव नुसती बोचरी येईल. फळाच्या किंवा उसाच्या रसापासून आंबवून केलेल्या व्हिनेगरला अंगची चव असते. सफरचंदाचंच हवं असं काही नाही. उसाचा सिरका चालतो, जांभळाचा तर सुंदर लागतो.

कुठलंही घ्या, आम्लता बघून घ्या. नियमानुसार व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लागतं. या कामाला ५ टक्क्यांचं घ्या. का, ते सांगतो. कांदा, आलं, मुळा यांत भरपूर पाणी असतं. ते मुरताना बाहेर येतं आणि व्हिनेगर पातळ करतं. वर मध पडतो. गुलबक्षींनी दिलेल्या प्रमाणात ५ टक्क्यांपासून सुरुवात केली तरी शेवटी आम्लता अडीच टक्क्यांच्या आसपास उरते. तिथवर ठीक आहे, सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४.६ च्या बराच खाली राहतो. हा ४.६ चा आकडा लक्षात ठेवा. लसूण आणि आलं जमिनीत वाढतात, मातीतले बोटुलिझमचे जीवाणू बीजरूपात त्यांना चिकटलेले असू शकतात. हवाबंद, कमी आम्ल जागा मिळाली की ते विष तयार करतात. सामू ४.६ च्या खाली असेल तर त्यांची वाढच होत नाही. म्हणून "जरा सौम्य करू, निम्मं पाणी घालू" हे मुरवताना करायचं नाही. सौम्य करायचं ते पेल्यात.

लिंबाचा रस पुरेसा आंबट असतो, पण बाहेर ठेवला तर त्यावर बुरशी धरते आणि चव कडवट होते. लिंबाचं करायचं असेल तर थोडं करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. तीन आठवडे मुरवण्याच्या कामाचा तो नाही.

आणखी एक, इंटरनेटवर मधात सोललेला लसूण बुडवून महिनोन्‌महिने ठेवायचा प्रकार फिरतो आहे. लसणाचं पाणी मधात उतरतं, मध पातळ होतो आणि आम्लतेचा भरवसा राहत नाही. तो प्रकार आणि हा प्रकार एक समजू नका. इथे आधी व्हिनेगर, सगळ्यात शेवटी मध, हा क्रम सुरक्षिततेसाठीही बरोबर आहे.

पिंपळपान | ८ डिसेंबर, ०७:२०

मी आयुर्वेदाचा व्यवसाय करतो. गुलबक्षींनी मध तापवायचा नाही हे लिहिलं त्याबद्दल आभार. परदेशी कृतींत सर्रास "मध कोमट करून पातळ करा" असं असतं. चरकसंहितेत मध तापवून किंवा उष्ण पदार्थाबरोबर घेणं निषिद्ध मानलं आहे. तुमच्यातले रसायनशास्त्रवाले सांगतील की मध तापवला की त्यातली विकरं मरतात आणि एचएमएफ नावाचं द्रव्य वाढतं. मध गोठला असेल तर बाटली उन्हात ठेवा, पुरतं. आणि घेतानाही पाणी पिववेल इतकं कोमट असावं, उकळतं नको.

आंबट आणि मध एकत्र करून मुरवणं आपल्याकडेही आहे. मधुशुक्त म्हणून एक कल्पना ग्रंथांत येते. जंबीराचा (एका जातीच्या लिंबाचा) रस, पिंपळी आणि मध भांड्यात भरून ते भांडं धान्याच्या राशीत ठेवायचं. क्षारतैलात, म्हणजे कानात घालायच्या तेलात, ते वापरतात. हे पिण्याचं पेय नव्हे, पण कल्पना परकी नाही एवढं सांगायचं होतं.

आता जे मी रोज दवाखान्यात सांगतो ते. हा सगळा योग तीक्ष्ण, उष्ण, आम्ल आहे. हेमंत-शिशिरात, अग्नी चांगला असताना, कफाच्या प्रकृतीला मानवतो. ज्यांना छातीत जळजळ, तोंड येणं, मूळव्याधीचं रक्त, अंगावर पित्त उठणं असा त्रास आहे त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. मार्चमध्ये पुण्याचं ऊन तापायला लागलं की सगळ्यांनीच थांबावं. ऑक्टोबर हीटमध्ये तर मुळीच नाही.

आजोळ | ८ डिसेंबर, ११:०५

वाचून फार छान वाटलं. माझ्याकडे सासूबाईंच्या चिनी मातीच्या बरण्या आहेत, पिवळ्या-पांढऱ्या, त्यात घालीन म्हणते. वर दादरा बांधला की झालं. आणि आमच्या सोसायटीत शेवगा आहे, इंग्रज लोक त्याचं मूळ हॉर्सरॅडिशसारखं किसून खायचे असं ऐकलं होतं. ते वापरू का?

गुलबक्षी | ८ डिसेंबर, १३:३०

आजोळकाकू, शेवग्याचं मूळ नको. तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, मुळाला तसाच झणका असतो आणि इंग्रजीत शेवग्याला हॉर्सरॅडिशचं झाड म्हणतात ते त्यामुळेच. पण त्या मुळाच्या सालीत विषारी अल्कलॉइड असतात आणि ती कितपत निघाली याचा घरी अंदाज येत नाही. शेवग्याच्या शेंगा, पानं, फुलं सगळं खा, मूळ राहू द्या. मोहरीनं काम होतंय.

बरणीबद्दलही सांगते. लोणच्याला तेल आणि मीठ असतं, इथे नुसतं आम्ल आहे आणि तेही चार आठवडे. जुन्या बरण्यांच्या चकाकीत शिसं असू शकतं आणि ते आम्लात उतरतं. आतून तडे गेलेली, चकाकी उडालेली बरणी तर नकोच. काचेचीच घ्या. तांब्या-पितळेचं, अॅल्युमिनियमचं भांडं कुठल्याच टप्प्यावर नको. गाळताना स्टीलची गाळणी दोन मिनिटं लागली तर काही होत नाही.

दादरा इथे उपयोगाचा नाही. आपण काही आंबवत नाही आहोत, व्हिनेगर आधीच आंबलेलं आहे. उघडं राहिलं तर झणका उडून जाईल आणि चिलटं येतील. झाकण घट्ट लावा.

मुठाकाठ | ८ डिसेंबर, १६:४५

सामान कुठे मिळेल ते मी लिहितो, शनिवार-रविवारची खरेदी माझ्याकडेच असते.

ओली हळद आणि आंबेहळद महात्मा फुले मंडईत आत्ता ढिगानं आहे. मंडईची ती दगडी इमारत १८८६ ची, आणि आत अजूनही काही गाळ्यांवर लोणच्याचं सामान म्हणून आलं, आंबेहळद, ओली हळद, लिंबं शेजारी शेजारी मांडलेली असतात. हळद घेताना एक कांडी मोडून बघा. कट्‌ असा आवाज आला आणि आत गर्द नारिंगी दिसली तर ताजी. वाकली तर परत ठेवा. आंबेहळद फिकट असते आणि तिला कैरीचा वास येतो. दोन्ही घालायला हरकत नाही, पण फक्त आंबेहळदीवर भागवू नका. काचेच्या बरण्या आणि बाटल्या रविवार पेठेत बोहरी आळीत. रुंद तोंडाची घ्या, हात आत गेला पाहिजे, नाहीतर चोथा काढताना हाल होतात.

आता मध. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण बाकी सगळं स्वच्छ घेऊन शेवटी साखरेचा पाक ओतला तर काय उपयोग. २०२० च्या डिसेंबरात सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं बाजारातल्या मधाची तपासणी प्रसिद्ध केली आणि बऱ्याच ब्रँडांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचं सांगितलं. ती भेसळ अशी की नेहमीच्या चाचण्यांना लागत नाही, परदेशातल्या प्रयोगशाळेत एनएमआर चाचणी करावी लागली. मग पाण्यात थेंब टाकणं, काडीला मध लावून पेटवणं, टीपकागदावर ठिपका बघणं यांतून आपल्याला काय कळणार? काही नाही. मध गोठला म्हणजे भेसळ हाही गैरसमज. ग्लुकोज जास्त असलेला मध थंडीत गोठतोच.

त्यामुळे माणूस ओळखीचा असणं हाच उपाय. आपण नशीबवान आहोत की महाबळेश्वर जवळ आहे. तिथलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, पेट्यांतल्या सातेरी माश्यांचा मध तिथे मिळतो. जांभूळ, हिरडा, गेळा असा झाडांप्रमाणे मध वेगळा लागतो. कारवी काही वर्षांनी एकदाच फुलते, त्या वर्षीचा कारवीचा मध हाती लागला तर तो नुसता खा, व्हिनेगरात घालू नका. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. तिथून शिकून पेट्या ठेवणारे लोक आपल्या आसपास आहेत, त्यांना गाठा. आग्या माशीचा जंगली मध घेणार असाल तर पोळं पिळून काढलेला आहे की यंत्रानं, ते विचारा. पिळलेल्या मधात अळ्या-अंडी येतात आणि पाण्याचा अंश जास्त असतो, तो आंबतो.

या प्रकाराला जांभळाचा मध माझ्या मते सर्वांत चांगला. किंचित कडसर असतो, व्हिनेगरसमोर उभा राहतो.

शेंदरी | १४ डिसेंबर, २०:१०

गुलबक्षीताई, रविवारी केलं. मोहरी अशी चढली की घरातले सगळे बाहेर गॅलरीत. पण आज बघते तर लसूण निळा-हिरवा झालाय! अगदी मोरपंखी. बुरशी आहे का? टाकून देऊ?

कातळ | १४ डिसेंबर, २०:३८

टाकू नका. बुरशी नाही. लसूण ठेचल्यावर त्यातली गंधकयुक्त द्रव्यं आणि अमिनो आम्लं आम्लात एकमेकांशी जुळतात आणि निळा-हिरवा रंग धरतात. थंडीत किंवा फ्रीजमध्ये ठेवलेल्या लसणात हे जास्त दिसतं. चीनमध्ये नवीन वर्षासाठी असा हिरवा लसूण व्हिनेगरात मुद्दाम मुरवतात. खायला पूर्ण सुरक्षित.

बुरशी ओळखायची खूण निराळी: ती पृष्ठभागावर, हवेच्या बाजूला येते आणि तिला लव असते. बुडालेल्या तुकड्याचा नुसता रंग बदलला तर काळजी नाही. तरंगणाऱ्या तुकड्यावर पांढरी किंवा काळी लव दिसली तर सगळी बरणी टाका, वरचं काढून खालचं वापरू नका. गाळणी न केलेल्या व्हिनेगरमध्ये तळाशी किंवा वर सायीसारखा, गुळगुळीत, ढगाळ पडदा दिसतो, ती व्हिनेगरची माय. तिला लव नसते, तीही निर्धोक.

शेंदरी | १४ डिसेंबर, २०:५१

जीव भांड्यात पडला. धन्यवाद!

धुकं | १५ डिसेंबर, १०:१५

दातांची डॉक्टर म्हणून माझी हात जोडून विनंती: हे शॉटसारखं घोटभर कोरडं पिऊ नका. व्हिडिओंत सगळे तसंच पिताना दाखवतात. आम्लानं दाताचं वरचं आवरण झिजतं आणि ते परत येत नाही. चमचाभर घ्यायचं तर निदान पेलाभर पाण्यात, एका बैठकीत संपवायचं, घुटके घेत तासभर नाही. नंतर साध्या पाण्यानं चूळ भरा आणि लगेच ब्रश करू नका, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. आम्लानं आवरण मऊ झालेलं असतं, त्यावर ब्रश घासला तर उलट जास्त झिजतं. रात्री झोपताना तर नकोच, कारण झोपेत लाळ कमी होते.

चिंचगूळ | १५ डिसेंबर, १२:४०

एक सरळ प्रश्न विचारते, राग मानू नका. यानं सर्दी-खोकला खरंच बरा होतो का? आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर कोलेस्टेरॉलपासून सांधेदुखीपर्यंत सगळ्यावर चालतं म्हणताहेत. माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे, ते रक्त पातळ करायची गोळीही घेतात. नणंदेचं बाळ आठ महिन्यांचं, त्याला कफ झालाय. सगळ्यांना देऊ का?

गुलबक्षी | १५ डिसेंबर, १५:२०

राग कशाला, हाच प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा.

बाळाला अजिबात नाही. एक वर्षाच्या आतल्या मुलाला मधाचं बोटसुद्धा लावायचं नाही. मधात बोटुलिझमची बीजं असू शकतात, मोठ्यांच्या आतड्यात ती वाढत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. घुटीत मध उगाळून द्यायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे, म्हणून हे ठासून लिहिते आहे. नणंदेला आजच सांगा आणि कफासाठी बाळाच्या डॉक्टरांकडे जायला सांगा.

सासऱ्यांनाही त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मध म्हणजे शेवटी साखर. व्हिनेगरनं जेवणानंतरची साखर थोडी कमी चढते, पण ते इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेत असतील तर साखर किती उतरेल ते घरी बसून सांगता येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर रोज लसूण-हळदीचा अर्क घेणंही धोक्याचं. लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, अल्सर असलेल्यांनी, पित्ताशयात किंवा मूत्रपिंडात खडे असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनीही आधी विचारावं.

आता बरं होतं का. मधानं खोकल्याला आराम पडतो, याला चांगला आधार आहे. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी आधीच्या चाचण्या एकत्र तपासल्या आणि वरच्या श्वसनमार्गाच्या त्रासात मध नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस दिसला. मोहरी-मिरचीनं चोंदलेलं नाक थोडा वेळ मोकळं होतं, घशाला ऊब मिळते, तोंडाला चव येते. तापातून उठलेल्या माणसाला तेही खूप असतं. यापलीकडे मी काही म्हणणार नाही. ताप तीन दिवसांच्या वर गेला, दम लागला, छातीत दुखलं, तर बाटली बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. मला हे पेय मनापासून आवडतं, म्हणूनच त्याच्या नावावर खोटे गुण चिकटवलेले मला चालत नाहीत.

कातळ | १५ डिसेंबर, १९:००

गुलबक्षींना दुजोरा. हळदीबद्दल भर घालतो: तिच्यातलं कर्क्युमिन (पिवळा रंग देणारं द्रव्य) पाण्यात आणि व्हिनेगरात जवळपास विरघळतच नाही. रंग दिसतो तो बारीक कणांचा. मिऱ्यातल्या पायपरीनमुळे कर्क्युमिनचं शोषण खूप वाढतं, हे बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं, पण ते शुद्ध कर्क्युमिनच्या मोठ्या मात्रेवर. आपल्या चमचाभर अर्काला तो निष्कर्ष लावता येणार नाही. हळद चवीसाठी आणि रंगासाठी घाला, आणि हळदीचा लाभ हवा असेल तर रोजच्या फोडणीत, तेला-तुपाबरोबर ती आहेच.

आजोळ | १६ डिसेंबर, ०९:३०

ज्येष्ठमध घातलं तर घशाला बरं पडेल का?

पिंपळपान | १६ डिसेंबर, १०:१०

काकू, घशाला चांगलं, पण रोज आणि आठवडेच्या आठवडे घेतलं तर ज्येष्ठमधानं रक्तदाब वाढू शकतो, पोटॅशियम कमी होतं. बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्या घरात सगळ्यांच्या बाटलीत ते नको. हवं तेव्हा कांडी चघळा. बाटलीत घालायचंच तर दोन-तीन पिंपळ्या घाला, मिऱ्यापेक्षा खोल तिखट लागतात. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळतील.

रानवाट | २ जानेवारी, १८:२५

धाग्यावरून केलं, सोसायटीत वाटलं, आता मागणी येतेय. पुढच्या वर्षी भीमथडी जत्रेत बचत गटातर्फे ठेवायचा विचार आहे. फायर सायडर हे नाव वापरता येतं का? कुणाचं तरी पेटंट आहे असं ऐकलं.

मुठाकाठ | २ जानेवारी, २१:००

पेटंट नव्हे, ट्रेडमार्कचं भांडण होतं, आणि तेही अमेरिकेत. तिथल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपनीनं २०१२ मध्ये हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. मग वर्षानुवर्षं घरी करून विकणाऱ्या बायकांना ते नाव वापरू नका म्हणून सांगितलं जाऊ लागलं. वनौषधीवाले एकत्र आले, ग्लॅडस्टारही त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या, आणि खटला चालून २०१९ मध्ये न्यायालयानं सांगितलं की हे नाव सर्वसाधारण आहे, एकाच्या मालकीचं नाही. ज्यांनी कृती मोकळेपणानं वाटली त्यांच्या बाजूनं निकाल लागला याचा मला आनंद वाटतो.

तुमच्यासाठी मी म्हणेन, मराठी नाव ठेवा. "तिखट मध-सिरका" म्हटलं की गिऱ्हाइकाला बाटलीत काय आहे तेही कळतं. विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या आणि क्रमांक लेबलवर छापा. घटक, तारीख, वजन, आणि "एक वर्षाखालील बालकांना देऊ नये" हे मोठ्या अक्षरांत. "सर्दीवर रामबाण" असलं काही लिहू नका. खाद्यपदार्थाच्या लेबलवर रोग बरा करण्याचा दावा कायद्यानं करता येत नाही. आणि प्रत्येक घाण्याची आम्लता मोजा, सामू मोजायच्या पट्ट्या स्वस्त असतात, साधा मीटर घेतलात तर आणखी उत्तम.

रानवाट | २ जानेवारी, २१:२०

नाव पक्कं. लेबलचा मसुदा इथेच टाकते, चुका काढा.

शेंदरी | ५ जानेवारी, १९:४५

आज गाळलं. रंग केशरी, आणि वास घेतला की कान गरम होतात. मुठाकाठांनी सांगितलेला जांभळाचा मध घातला, खरंच फरक पडतो. पण एवढा चोथा उरलाय, पाव किलोच्या वर. तो टाकवत नाही. काय करू?

गुलबक्षी | ५ जानेवारी, २०:३०

टाकायचा नाहीच. दालचिनी तेवढी काढून घे. मूठभर चोथ्यात भाजलेले दाणे, थोडा गूळ आणि मीठ घालून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये भरड वाट. भाकरीबरोबर ही चटणी फार चांगली लागते, आठवडाभर फ्रीजमध्ये राहते. पनीर किंवा चिकन मुरवायला दह्यात दोन चमचे घाल, वेगळं आलं-लसूण लागत नाही. काकडीच्या कोशिंबिरीत चमचाभर चालतो, दही घालणार असशील तर आयत्या वेळी.

उरलेला बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेव आणि आमटीत एकेक टाक. फक्त त्यावर दुसऱ्यांदा व्हिनेगर ओतून नवा घाणा काढू नकोस. झणका निघून गेलेला असतो आणि चोथ्यात उरलेल्या पाण्यानं आम्लता आणखी खाली जाते. नवा घाणा ताज्या हळदीचा, आणि ती जानेवारी संपेपर्यंत मंडईत आहे.